पाठवलं आणि पोचलं

फिलाडेल्फिया
नववा महिना, ९ तारीख, १७८७

रूथ,

तुझी निळी शाल खुंटीवरच राहिली. डेबोरामावशीच्या घराच्या भिंतींना किती फटी आहेत ते मला माहीत आहे, तेव्हा रुसवा बाजूला ठेव आणि ती अंगावर घे. दूधवाला जोनाथन ती हॅडनफील्डला आणून देईल. शालीच्या घडीत हे पत्र आहे. शाल घेशील तर पत्रही हाती लागेल, एवढी चलाखी मला अजून जमते.

उंबरा ओलांडताना तू म्हणालीस, "आई, तू खोटं बोललीस." तीन दिवस झाले, भांडी घासताना आणि चादरी झटकताना तेच वाक्य कानात आहे. म्हणून एकदा सगळं ओळीनं मांडते. तुला माहीत असलेलंच मांडते, म्हणजे कुठे चुकलं ते तुला दाखवता येईल.

आर्थर लॅमोटसाहेब तिसऱ्या महिन्याच्या चार तारखेला कॅरोलिनाहून आपल्या खानावळीत उतरले. बरोबर त्यांची गुलाम जूबा होती. आले होते तांदूळ विकायला. पण पुढे राज्यांच्या प्रतिनिधींची बैठक भरली, तिच्यात त्यांचा मावसभाऊ होता, म्हणून राहिले. आपल्या पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की बाहेरच्या मालकानं गुलामाला इथे सहा महिन्यांहून जास्त ठेवलं तर तो गुलाम मोकळा. मध्ये एकदा जरी तो राज्याबाहेर गेला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून धरायचे. हा कायदा जूबाला तू वाचून दाखवलास, माझ्या चुलीपाशी बसून, तिला अक्षरं शिकवता शिकवता. मला विचारलं नाहीस.

चार तारखेला सहा महिने भरले. सहा तारखेला तू तिला घेऊन न्यायाधीशापुढे उभी राहिलीस. लॅमोटसाहेब म्हणाले, ही मध्ये नदीपलीकडे जर्सी राज्यात जाऊन आली आहे. जूबा नाही म्हणाली. पण मालकाविरुद्ध गुलामाचा शब्द कोणी धरत नाही. मग मला बोलावलं.

न्यायाधीश म्हणाला, "या बाईला तू नदीपलीकडे जर्सीला पाठवलं होतंस?"

मी म्हटलं, "पाठवलं होतं. आठव्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला. बहिणीला मुरंबा द्यायला."

"शपथेवर सांगतेस?"

त्याचा कारकून हसला. "साहेब, ही क्वेकर पंथाची आहे. ही माणसं शपथ घेत नाहीत. नुसतं बोलतात, आणि ते खरंच असतं."

"मग झालं तर," न्यायाधीश म्हणाला आणि त्यानं कागद पुढे ओढला.

आता यातला कुठला शब्द खोटा आहे ते दाखव. मी पाठवलं होतं, पाठवलं म्हणून सांगितलं. पुढे नाव कुठे लागली, कोण कुठे उतरलं, ते मला काय माहीत? मी नावेत नव्हते.

जूबा बरी आहे. वरच्या मागच्या खोलीत असते. कडी बाहेरून आहे, पण जेवण मीच घेऊन जाते. भात मात्र माझ्या हातून पुन्हा गिच्च व्हायला लागला. ती मोकळा कसा करायची ते मी नीट पाहून घ्यायला हवं होतं.

मावशीचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझी आई

—

नववा महिना, २१ तारीख

रूथ,

तुझं उत्तर नाही. शाल पोचली असं जोनाथन म्हणतो.

घर रिकामं झालं आहे. प्रतिनिधींनी सतरा तारखेला सह्या केल्या, दोन दिवसांनी राज्यघटनेचा सगळा मसुदा वर्तमानपत्रात छापून आला आणि काल लॅमोटसाहेब चार्ल्सटनच्या जहाजावर चढले. जूबालाही नेलं. जहाज सकाळी सुटलं. मी धक्क्यापर्यंत गेले नाही, पाहुण्यांची न्याहारी होती.

वर्तमानपत्र मी दोनदा वाचलं. मला एक शब्द शोधायचा होता. गुलाम. तो कुठेही नाही, रूथ. "इतर सर्व व्यक्ती" आहे. "सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती" आहे, ती पळून दुसऱ्या राज्यात गेली तर मागणाऱ्याच्या हवाली करायची. जहाजांनी आणखी माणसं भरून आणायला वीस वर्षं मोकळीक आहे, तिथेही "अशा व्यक्ती". बैठकीतल्या प्रतिनिधींपैकी कनेक्टिकटचे एक पाहुणे तेवढे टेबलाशी होते. मी त्यांनाच विचारलं.

"शब्द मुद्दाम गाळला, बाई," ते म्हणाले. "राष्ट्राच्या पहिल्या कागदावर तो बरा दिसत नाही."

"आणि ती गोष्ट?"

"गोष्ट राहिली. ती काढली असती तर दक्षिणेकडचे उठून गेले असते. मग कसलं राष्ट्र आणि कसलं काय!" त्यांनी पावाला लोणी लावलं. "आपली नातवंडं बघतील पुढचं. लोणी छान आहे."

 मला बोलायला तोंड कुठे होतं? (हे वाक्य खोडणार होते. असू दे.)

तू लहान होतीस तेव्हा तुझ्या बापाला सैनिक याच टेबलावरून घेऊन गेले. राज्याशी इमान राखीन अशी शपथ घे म्हणत होते. सॅम्युएल म्हणाला, "माझं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, शपथ कशाला?" एवढ्यासाठी त्याला व्हर्जिनियात धाडलं आणि त्या हिवाळ्यात तो तिथेच वारला. तुला त्याची टोपी आठवते. मला तोफा आठवतात, आणि चुलीत घातलेल्या आपल्या खुर्च्या. ही राज्यं एकमेकांना सोडून गेली तर पुन्हा तेच, असं सगळे म्हणत होते. मला पुन्हा तसला हिवाळा नको होता. एवढं तरी समजून घे.

तुझी आई

—

नववा महिना, २७ तारीख

रूथ,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. "मावशी म्हणते, मुरंबा इथे आलाच नाही. तुम्हाला हे माहीत होतं का?"

तुम्हाला!

आपल्या माणसांत कोण कोणाला तुम्ही म्हणतं? आपण राजाला तू म्हणतो आणि मोलकरणीलाही तूच. माझ्या आजीनं गव्हर्नरला तू म्हटलं म्हणून तिला दोन दिवस कोंडलं होतं आणि ती ते हसत सांगायची. तुला मी बोलायला शिकवलं ते तू म्हणायला. आणि आता पोटची पोर मला पाहुण्यासारखी तुम्ही म्हणते. चिठ्ठी टराटरा फाडणार होते.

फाडली नाही, कारण मला एक जेवण आठवलं. सहावा महिना असेल. लॅमोटसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या टेबलावर बसलं की चार्ल्सटनची आठवण होत नाही." आणि मी म्हणून गेले, "तुम्ही आणखी थोडं घ्या ना." तुझा चमचा ताटलीत पडला. तू वर पाहिलंस आणि मी चुलीकडे वळले. जीभ घसरली, असं मी स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीही मी त्यांना तुम्ही म्हटलं. जूबाला तेवढी तू म्हणत राहिले. म्हणजे माझ्या तोंडी आता ते तू आपल्या धर्माचं राहिलं नव्हतं, मालकिणीचं झालं होतं. ती बिचारी समजत होती की मी तिला बरोबरीची मानते. तिची बाईसाहेब म्हणायची सवय मीच मोडली होती, "फीबी म्हण, तू म्हण" म्हणून मागे लागून.

तू विचारलंस त्याचं थोडं उत्तर देते. मी तिला मुरंब्यासाठी पाठवलं नाही. मालक नदीपलीकडे न्यायला निघाला की तिची दाढ दुखायची, नाहीतर पाय मुरगळायचा. तिला सगळं कळत होतं. एकदा लॅमोटसाहेब जेवता जेवता कडाडले, "एवढ्या मोठ्या देशाची मोट बांधायला बसलोय, आणि या गावात माणसाला स्वतःची मोलकरीण राखता येत नाही! असल्या लोकांशी एक व्हायचं कशाला?" त्यानंतर कनेक्टिकटचे पाहुणे स्वयंपाकघरात आले. दार लावून म्हणाले, "बाई, याच्या भावाचं मत आम्हाला हवंय. हे आठ दिवस याला चिडू देऊ नका. पोरगी तुमच्या शब्दावर जाईल. एवढं जमवा."

मी जमवलं. डेबोराला खोकला होता, हे खरं होतं. मुरंबा होता, तोही खरा होता.

बाकीचं लिहवत नाही.

आई

—

दहावा महिना, ९ तारीख

रूथ,

माहीत होतं.

हे दोन शब्द लिहायला मला बारा दिवस लागले. आता उरलेलं लिहिते आणि मध्ये कुठेही डेबोराचा खोकला आणत नाही.

सत्तावीस तारखेला, म्हणजे आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी, मी जूबाच्या हाती टोपली दिली. ती म्हणाली, "बघ फीबी, माझाच वार आला. जूबा म्हणजे याच वारी जन्मलेली. तुम्ही लोक वारांना नुसते आकडे देता, आमच्यात ती पोरींची नावं असतात." टोपलीवरचं फडकं बांधलं आणि म्हणाली, "तू सांगतेस म्हणून जाते हं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर गेले नसते."

मी म्हटलं, "सांभाळून जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. तू सूत आणायला गेली होतीस. तिचा घागरा गुडघ्यापर्यंत ओला होता. तिनं टोपलीतून बरणी काढली आणि फळीवर ठेवली. "फीबी, पोचलेच नाही. मध्यावर वादळ आलं, नावाड्यानं बेटाला नाव लावली. रात्रभर त्या पवनचक्कीच्या आडोशाला बसलो, आणि सकाळी त्यानं मागे आणलं. मुरंब्याला कोणी हात लावला नाही बघ."

मग तिनं हळूच विचारलं, "ते बेट आपल्याच राज्यात येतं ना?"

मी म्हटलं, "येतं."

ती खाली बसली आणि हसायला लागली. हसून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली. "तू मला का पाठवलंस ते मला बेटावर कळलं," ती म्हणाली. "आधी नाही कळलं. खूप राग आला होता. मग म्हटलं, घाबरली असेल. त्यानं घाबरवलं असेल. असू दे. विचारतील तेव्हा तू खरं सांगशील. तुझ्या तोंडून खोटं निघत नाही, रूथ म्हणते."

हे तिनं तुला सांगितलं नाही, कारण मी तुझ्या नजरेतून उतरू नये असं तिला वाटलं. तुला एवढंच म्हणाली ना, "काळजी करू नको, फीबीला सगळं माहीत आहे"? नंतर तू मला विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, मी काय नावेत होते?

न्यायाधीशानं विचारलं, "पाठवलं होतंस?" मी म्हटलं, "पाठवलं होतं." पुढचा प्रश्न, "पोचली का?", मी त्याची वाट पाहत उभी राहिले. तो आला असता तर मी नाही म्हटलं असतं, असं मी स्वतःला सांगते. तो आला नाही. आणि मला बरं वाटलं, रूथ.  नावाड्याला कोणी बोलावलं नाही. आपल्यातल्या बाईचा शब्द मिळाल्यावर नावाड्याला कोण विचारतो? तो विश्वास तुझ्या बापानं आणि त्याच्यासारख्यांनी जीव देऊन मिळवला होता, आणि मी तो आर्थर लॅमोटच्या कामी लावला.

जूबा माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती चौदा दिवस माझ्याच छपराखाली होती. आर्थर लॅमोट रोज बाहेर जायचा, किल्ली नव्हती, नुसती कडी होती. न्यायाधीशाचं घर तीन गल्ल्या सोडून. मी रोज ताट घेऊन वर जायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "फीबी, तू सांगायला विसरलीस का? अजून सांगता येईल." मी म्हटलं, "जेवून घे, गार होतंय."

त्या दिवसापासून ती मला बाईसाहेब म्हणायला लागली. जहाजावर नेलं त्या सकाळी जिना उतरताना थांबली आणि म्हणाली, "बाईसाहेब, तांदूळ आधी धुवा आणि तीन पाणी काढा. उकळी आली की ढवळू नका." माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं.

मी देशासाठी केलं, लढाई नको म्हणून केलं, हे मागे लिहिलं ते अर्धं खरं आहे. एका जूबासाठी कोणी देश मोडत नव्हतं. खरं हे, की या घरात इतकी वर्षं मला पुरुषांनी मांस शिजलं का एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी दार लावून हळू आवाजात देशाचं काम सांगितलं. मला ते आवडलं. त्या आवडीची किंमत तिनं दिली.

तू बरोबर होतीस. मी खोटं बोलले.

फीबी

—

दहावा महिना, २४ तारीख

रूथ,

न्यायाधीशाकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला. "तू पाठवलं म्हणालीस, मी गेली असं लिहिलं. आता ती या राज्यातच नाही, तर मी कोणाला मोकळं करू? घरी जा, आजी." आयुष्यात पहिल्यांदा मला आजी म्हणवून घेण्याचा संताप आला नाही.

मग आपल्या सभेपुढे माझ्या दोषाचा कागद ठेवला, आपल्यात ठेवतात तसा. उभ्यानं वाचायची तयारी होती. वडीलधाऱ्यांनी आधी पाहायला मागितला. जोसाया म्हणाला, "फीबी, खोटं हा शब्द कशाला? स्पष्टपणात उणीव राहिली असं लिही. अर्थ तोच, सभेचं नावही राहील."

मी म्हटलं, "जोसाया, या वर्षी या गावात पुष्कळ शब्द गाळले गेले. माझा राहू दे."

त्यांनी कागद पुढच्या महिन्यावर ढकलला आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा उभी राहीन. बघू किती महिने ढकलतात ते.

जोनाथनबरोबर टोपलीत बरणी आहे. डेबोराचीच ती, फडकंही तेच, गाठ जूबानं मारलेली. सोडू नको म्हणणार होते, पण सोड. मुरंबा खाण्यासाठी असतो.

आणखी एक कागद केला आहे. त्याच्या तीन प्रती. एक न्यायाधीशाच्या कारकुनाकडे जबरदस्तीनं ठेवून आले, एक या पत्रात तुझ्यासाठी आहे. मजकूर एवढाच: "मी, फीबी शार्पलेस, सांगते की जूबा तिसऱ्या महिन्याच्या चार तारखेला पेनसिल्व्हेनियात आली आणि सहा महिने भरेपर्यंत या राज्याबाहेर गेली नाही. सत्तावीस तारखेला ती बेटापर्यंत जाऊन परत आली. म्हणून सहा महिने भरल्यापासून ती गुलाम नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी खोटं बोलले." यात गुलाम हा शब्द आहे. मी तो मोठा काढला आहे.

तिसरी प्रत मी, तू तिला शिकवलीस तशा, सुट्या सुट्या अक्षरांत लिहिली. वर "जूबा" घातलं, खाली "तू मोकळी आहेस". चार्ल्सटनच्या जहाजाच्या कप्तानाची बायको आपल्यातली आहे. ती म्हणाली, घराचा पत्ता शोधीन, मागच्या दारानं जाईन, तिच्याच हातात देईन. मालकाला सापडला तर कागद चुलीत जाईल. तिला मिळाला तरी तिथलं न्यायालय तो मानेल का, आणि मला बोलावलंच तर या वयात मी तिथवर जाऊ शकेन का, यातलं काहीच मला माहीत नाही. बोलावलं तर मात्र निघेन.

तू विचारशील, कागद जूबाला मिळाला का?

मी पाठवला आहे. पोचला, असं म्हणणार नाही.

फीबी